सणाचं गोड ताटातच बरं

श्रावण लागला की माझ्या पाळणाघरातले डबे बदलायला लागतात. एरवी पोळी-भाजी, थालीपीठ, मुगाचं धिरडं असं काहीतरी असतं. त्या जागी आधी नारळीभात येतो, मग पेढे, मग कुणाकडच्या सत्यनारायणाचा शिरा. दिवाळीनंतर तर डबा उघडावा आणि आत नुसते शंकरपाळे. हे थेट संक्रांतीपर्यंत चालतं. संध्याकाळी पोरांना न्यायला आलेले आईबाबा दारात चपला घालता घालता विचारतात, "काकू, दिवसाला किती गोड चालेल हो?"

मी पुण्यात, कर्वेनगरात पाळणाघर चालवते. दीड वर्षाच्या बाळापासून चौथीतल्या दांडगोबांपर्यंत सगळे माझ्याकडे जेवतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: किती ते नंतर बघू, आधी कुठे आणि केव्हा ते ठरवा. गोड ताटात वाढलेलं असेल तर बहुतेक वेळा बेतात राहतं. डब्यात, बरणीत, टीपॉयवर ठेवलेलं असेल तर त्याचा हिशेब कुणालाच लागत नाही. पुढे जे सांगतेय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

तरी आकड्यांची हौस असतेच लोकांना, म्हणून ते आधी उरकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. मध, सरबतं आणि फळांचे रस त्यातच मोजायचे. अख्खं फळ आणि साधं दूध मोजायचं नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली मुलांसाठी सरळ आकडा दिला: दोन ते अठरा वर्षांपर्यंत रोज २५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे. दोन वर्षांच्या आत वरची साखर नकोच.

आता हे आपल्या स्वयंपाकघरात आणून बघा. एका नारळाच्या दोन वाट्या चवाला एक वाटी गूळ घातला आणि पंधराएक मोदक झाले, तर एका मोदकात दहा-अकरा ग्रॅम गूळ गेला. तीस ग्रॅमच्या बेसनलाडवात साखर साधारण दहा ग्रॅम. म्हणजे एक मोदक किंवा एक लाडू यात घाबरण्यासारखं काही नाही. खरा गनीम श्रीखंड आहे. चक्का आणि साखर समसमान घेणारी घरं अजून पुष्कळ आहेत. तसं श्रीखंड शंभर ग्रॅमची वाटीभर खाल्लं की पन्नास ग्रॅम साखर पोटात गेली. दोन दिवसांचा कोटा झाला, आणि दसऱ्याला एका वाटीवर कोण थांबतं!

सणाच्या दिवशी मात्र कृपा करून हा हिशेब पोराच्या ताटाशेजारी बसून करू नका. हिशेब साध्या मंगळवारी करा. सकाळी दुधात घातलेली चॉकलेटची पावडर, डब्यातली क्रीमची बिस्किटं, पोळीला लावलेला जॅम, संध्याकाळी ज्यूसचा खोका आणि सगळ्यावर केचप. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात 'ॲडेड शुगर' लिहिलेली असते ती शंभर ग्रॅममागे किती आहे ते वाचा. हे रोजचं कमी केलं की सणाला दोन मोदक जास्त गेले तरी आकाश कोसळत नाही. २०२५ साली सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, कशात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. तुमच्या मुलाच्या शाळेत तसा फलक असेल तर त्यालाच विचारा काय लिहिलंय. पोरं असल्या गोष्टी आपल्यापेक्षा बारकाईने वाचतात आणि मग आपल्याच चहातले चमचे मोजतात. मोजू देत.

कॅलेंडर घेऊन बसा

भाद्रपद लागायच्या आधी एका रविवारी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि मुलाला पेन द्या. कोणत्या दिवशी काय गोड होणार आहे ते त्यालाच गोल करून लिहू दे. चतुर्थीला उकडीचे मोदक, गौरी जेवतील त्या दिवशी पुरणपोळी, दसऱ्याला श्रीखंड, कोजागिरीला मसाला दूध, मग दिवाळी, मग तिळगूळ. चार-पाच वर्षांच्या मुलालाही हे कळतं. त्याला एकदा समजलं की गोड हिरावून घेतलं जाणार नाहीये, ते अमुक दिवशी नक्की आहे, की अधल्यामधल्या दिवशी दुकानासमोर जमिनीवर लोळण घ्यायचं प्रमाण बरंच कमी होतं. आणि जे मूल लोळण घेतं, ते बहुतेक भुकेलेलं किंवा झोपेला आलेलं असतं. त्याला पेढा नको, जेवण हवं.

या कॅलेंडरात न मावणारी भानगड म्हणजे सोसायटीचा गणपती. दहा दिवस, दोन्ही वेळा आरती, आणि रोज कुणाचा तरी प्रसाद. त्यात हल्ली प्रसाद म्हणजे पेपरप्लेटमध्ये मिठाईचा अख्खा चौकोनी तुकडा, शिवाय वेफर्स. प्रसादाला नाही म्हणायला मुलांना शिकवू नका, ते बरं दिसत नाही आणि गरजही नाही. प्रसाद मुळात तळहातावर घ्यायचा, चिमूटभर. वाटणाऱ्यालाच थोडा द्यायला सांगा. आणखी चांगलं म्हणजे लिफ्टजवळ प्रसादाची पाळी लावतात त्या कागदावर आपलं नाव घालून काय वाटायचं ते आपण ठरवा. विसर्जनाच्या दिवशीची वाटली डाळ पुण्यातल्या किती घरांत अजून होते! भिजवलेली हरभराडाळ, वाटून, फोडणीत परतून, वर लिंबू आणि खोबरं. प्रसाद म्हणून रीतसर, पोटालाही चांगला. सुक्या खोबऱ्याची खिरापत, केळी-पेरूच्या फोडी, मोड आलेले वाफवलेले मूग हेही चालतं. दाणे द्यायचे तर लक्षात ठेवा, चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा द्यायचा नाही. श्वासनलिकेत अडकतो. कूट द्या.

गणपती बघायला पेठांत जाणार असाल तर घरून जेवूनच निघा. कसब्यापासून केसरीवाड्यापर्यंत मानाचे पाच बघून होईतो लक्ष्मी रोडच्या गर्दीत तास-दोन तास कुठे गेले ते कळत नाही. भुकेलं पोर पहिल्या गाड्यावर जे दिसेल ते मागतं. पिशवीत पाणी आणि केळी ठेवा. बाहेरचं काही घ्यायचंच असेल तर भाजलेलं कणीस घ्या. मीठ-लिंबू चोळलेलं गरम कणीस हातात आलं की कापूसमिठाईवाल्याकडे पोरांचं लक्ष जात नाही, निदान कणीस संपेपर्यंत तरी.

ताट कसं वाढायचं

नैवेद्याचं ताट आठवा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये वरणभाताची मूद, त्यावर तूप. गोड त्याच ताटात, बाकी सगळ्यांबरोबर. मुलाचं ताटही असंच वाढा, लहान आकारात. मोदक पहिल्यांदाच ताटात आला पाहिजे. मागाहून बक्षीस म्हणून नाही.

इथे आया माझ्याशी हमखास भांडतात. "मग तो आधी मोदकच खाईल ना!" खाईल. खाऊ दे. एक मोदक खाऊन त्याचं पोट भरत नाही, पुढे तो वरणभात खातो. "भाजी संपवलीस तर मोदक" असं म्हटलं की आपण पोराला दोन गोष्टी शिकवतो: भाजी ही शिक्षा आहे आणि मोदक हे इनाम आहे. मुलांच्या खाण्याच्या सवयींवर काम करणारे लोकही हेच सांगतात, लाच म्हणून दिलेल्या पदार्थाची ओढ वाढते आणि ज्याच्यासाठी लाच दिली तो पदार्थ नावडता होतो. माझ्याकडे भाजी आणि गोड दोन्हींचा उल्लेख एकाच आवाजात होतो. ताटात आहे, खा. दुसरा मोदक हवा असेल तर सगळ्यांचं जेवण होईपर्यंत थांब. निम्मी पोरं तोवर खेळायला पळालेली असतात.

जेवणाबरोबर गोड खाण्याचं दुसरं कारण दातांचं आहे, आणि ते मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात, ते दाताचं वरचं कवच झिजवतं. लाळ ते आम्ल धुऊन काढते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. सकाळपासून दर तासाला एकेक शंकरपाळा तोंडात टाकणाऱ्या मुलाच्या लाळेला ती सवडच मिळत नाही. तेवढेच शंकरपाळे दुपारी एका बैठकीत खाल्ले तर दातांचं नुकसान कितीतरी कमी. चिक्की, रेवड्या, खजुराची बर्फी असलं चिकट दाढांच्या खाचांत बसून राहतं, म्हणून त्यावर पाणी पिऊन खळखळून चूळ भरायची. रात्री ब्रश झाल्यावर फक्त पाणी. साखर घातलेली दुधाची बाटली तोंडात धरून झोपणारं बाळ असेल तर दिवाळीच्या लाडवांची काळजी नंतर करा, आधी ती बाटली सोडवा. दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून सोडून देऊ नका. किडलेल्या दाढेनं मूल चावत नाही, मग भाकरी, काकडी, पेरू सगळं बंद होतं आणि मऊ, गोड तेवढं उरतं.

कृतीत किती कमी करता येतं

सगळीकडे साखर कमी करता येत नाही. जिथे येते तिथे करायची, जिथे नाही तिथे आकार लहान करायचा.

पुरणात डाळीला बरोबरीने गूळ घालतात. मी पाऊण पट घालते आणि जायफळ-वेलची सढळ हाताने टाकते. पोळी दूध-तुपाबरोबर द्यायची, शेजारी कटाची आमटी. मुलांना काहीही फरक कळत नाही, मोठ्यांना कळतो कारण त्यांना आधी सांगितलेलं असतं. मोदकाच्या सारणात एका वाटीऐवजी पाऊण वाटी गूळ पुरतो, नारळ ताजा आणि गोड असेल तर. श्रीखंडाला एक किलो चक्क्याला अर्धा किलो साखर, आणि दसऱ्याच्या सुमाराला मंडईत सासवडकडची सीताफळं आलेली असतात, त्यांचा गर. गर काढायचं काम पोरांना द्या, बिया मोजायच्या पैजा लावा, फक्त एकही बी श्रीखंडात जाता कामा नये. वाढताना मोठी वाटी न घेता नैवेद्याची छोटी वाटी घ्या. बासुंदी आटवून घट्ट केली की दूध स्वतःच गोड लागतं, साखर निम्म्यावर येते. कोजागिरीच्या दुधाचंही तेच.

बेसनलाडवात पिठीसाखर कमी केली तर लाडू वळतो, कारण तो तुपावर धरतो. पण पाकातल्या रव्याच्या लाडवांत किंवा चिक्कीत हात आखडता घेऊ नका, पाक बिघडतो आणि सगळंच वाया जातं. ते लिंबाएवढे न वळता सुपारीहून जरासे मोठे वळा. अनारशाच्या गुळाचं प्रमाण तर चुकूनही बदलू नका. ते आधीच नाजूक प्रकरण, तुपात हसायला लागले की दिवाळी संपली.

आता गुळाविषयी. "आम्ही साखर बंद केली, सगळं गुळाचं करतो" असं अभिमानाने सांगणाऱ्या घरांतली पोरं दिवसाला तीन लाडू खाताना मी बघते. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं, पण बाकी ती साखरच आहे. दाताला आणि पोटाला ती साखरेसारखीच लागते. मध, काकवी, खजुराचा पाक यांचंही तसंच. अख्खा खजूर त्यातल्या त्यात बरा, चोथा तरी असतो. मध तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचाही नाही, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. जिभेवर मध लावायची रीत असेल तर घरच्या वडीलधाऱ्यांना हे शांतपणे सांगा. 'शुगर फ्री' मिठाई पोरांसाठी आणू नका. तिनं गोडाची चटक तशीच राहते.

दिवाळीचे डबे

दिवाळी म्हणजे खरी परीक्षा, कारण सुट्टी आहे, पोरं दिवसभर घरात आहेत आणि चारी बाजूंनी डबे येतात.

फराळ कमी करा हे सांगून कुणी ऐकत नाही. आई म्हणते सासूबाई ऐकत नाहीत, सासूबाई म्हणतात लोक काय म्हणतील. म्हणून मी एवढंच सांगते, एका वेळी अर्ध्या किलोचंच करा. संपलं तर पुन्हा करा, पाडवा-भाऊबीजेला ताजा लाडू कुणाला नको असतो? सगळं एकदम करून महिनाभर डबे राखत बसण्यात काही पुरुषार्थ नाही. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, आणि उरलेल्या तेलात दुसऱ्या दिवशी पोरांना पुऱ्या तळून देऊ नका.

डबे स्टीलचे, झाकणाचे आणि वरच्या फळीवर. पारदर्शक बरण्या टेबलावर मांडून पोराला "हात लावायचा नाही" म्हणणं हा छळ आहे. दिवसात फराळाच्या वेळा दोन. एक सकाळी अभ्यंगस्नान झाल्यावर, एक दुपारी चारला. त्या वेळी बशी भरून द्या, मनसोक्त. बशीत एक गोड, एक तिखट आणि एक ताजं असं वाढा. लाडू, चकली आणि पेरूच्या फोडी. करंजी, चिवडा आणि वाटीभर दही. नरकचतुर्दशीला पहाटे उपाशीपोटी नुसता तळलेला फराळ खाऊन थंडीत दिवाळी पहाटला नेलेली पोरं दहा वाजेपर्यंत पोट धरून बसतात, म्हणून आधी कपभर गरम दूध किंवा एक केळं.

तिखट फराळाकडे कुणाचं लक्षच नसतं. आया लाडू लपवतात आणि शेव-चकलीचा डबा उघडा ठेवतात, जणू ती भाजीच. तळण आणि मीठ दोन्ही त्यात भरपूर. मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय, लहानांना त्याहून कमी. त्यावर आपला पुणेरी उपाय आहे: मटकीची पातळ उसळ करा आणि चिवडा-शेव तिच्यावर मूठभर टाका, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. मिसळ झाली. पोरांना वाटतं चैन चाललीय, आपल्याला माहीत असतं की वाटीभर मटकी पोटात गेली. भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि लक्ष्मीपूजनाच्या उरलेल्या लाह्या हे सगळ्यात निरुपद्रवी. लाह्यांना तुपाची फोडणी द्या, हळद, मीठ, कढीपत्ता. डबा भरून ठेवा आणि हा एक डबा खालच्या फळीवर ठेवा. येता-जाता खायचा तर हा.

किल्ला करणारी पोरं वेगळीच जमात. अंगणात मातीत बसली की जेवायला हाक मारून येत नाहीत आणि अचानक चिखलाच्या हातांनी लाडू मागायला येतात. त्यांच्यासाठी मधल्या वेळचं आधीच तयार ठेवा. उकडलेली रताळी, पेरू, दाण्याची चटणी लावून गुंडाळलेली पोळी. हात धुवायला लावा आणि तिथेच किल्ल्यापाशी नेऊन द्या. मावळ्यांची रसद म्हटलं की रताळंही संपतं.

आलेल्या मिठाईच्या खोक्यांचं काय करायचं? खोका आला की तारीख बघा. सुटी मिठाई विकणाऱ्या दुकानांना ऑक्टोबर २०२० पासून ती कुठल्या तारखेपर्यंत खावी हे दर्शवायला सांगितलेलं आहे, तेव्हा स्वतः घेताना विचारायला लाजू नका. खव्याची मिठाई दोन-चार दिवसांपुढे ठेवायची नसते, फ्रिजमध्येही. घरात माणशी एकेक तुकडा काढा आणि बाकीचा खोका त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी जाऊ दे. रखवालदार, कचरा न्यायला येणाऱ्या ताई, मुलांना शाळेत सोडणारे रिक्षावाले काका. त्याच दिवशी म्हणतेय. आठ दिवस आपल्याला नकोसं झालेलं आणि कोपरे वाळलेलं देऊ नका, त्यांनाही ताजंच आवडतं. मुलांच्या हातून द्या.

आजी-आजोबा, पाहुणे आणि "काही होत नाही"

घरातलं सगळं नीट बसवलं तरी एक आघाडी उरते. सासूबाईंना "त्याला गोड देऊ नका" असं सांगितलं की त्या दुखावतात आणि मग पदराआडून देतात. आजीच्या हातून खाऊ मिळणं हा आजीचाही हक्क आहे. तो काढून घेऊ नका, वेळेवर आणा. "आई, चारची बशी तुम्हीच भरत जा ना त्याला, तुमच्याकडूनच नीट खातो." एवढं म्हटलं की डब्याच्या किल्ल्या आजीकडे जातात आणि आजीसारखी कडक पहारेकरीण दुसरी कुणी नाही. नातू साडेतीनला गेला तरी त्या त्याला घड्याळ दाखवतात.

पाहुण्यांच्या घरी मुलाने काय करायचं ते निघण्यापूर्वीच ठरवा. एक खायचं, दुसऱ्याला "घरी नेतो काकू" म्हणून खिशातल्या पाकिटात टाकायचं. पुण्यात तरी दुसऱ्यांदा आग्रह करणारी घरं मोजकीच असतात, त्यामुळे निभावतं.

आणखी एक समज या निमित्ताने निघतोच, की गोड खाल्लं की पोरं उधळतात. बऱ्याच चाचण्या एकत्र करून १९९५ साली हे तपासलं गेलं आणि साखरेचा मुलांच्या वागण्यावर असा परिणाम दिसला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी काही आयांना "तुमच्या मुलाला साखर दिलीय" असं सांगितलं गेलं, प्रत्यक्षात दिली नव्हती, तरी त्यांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. दिवाळीत पोरं उधळतात ती पहाटे चारला उठल्यामुळे, दुपारी न झोपल्यामुळे आणि घरात आठ भावंडं जमल्यामुळे. त्यांना अंधार करून तासभर आडवं करा.

आणि एक विनंती, जरा कडक शब्दांत. पोराच्या ताटाकडे बघून "किती गुबगुबीत झालायस, अजून खातोस?" असं बोलू नका, पाहुण्यांनाही बोलू देऊ नका. मुलींना तर हे फार लवकर सुरू होतं. वजनाची काळजी वाटत असेल तर मुलांच्या डॉक्टरांकडे न्या, ते उंची-वजनाच्या तक्त्यावर बघून सांगतील. गोड खाल्ल्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी जेवण कमी करणं, उपाशी ठेवणं हेही नको. दुसऱ्या दिवशी मुगाच्या डाळीची खिचडी, ताकाची कढी, एखादी पालेभाजी, भरपूर पाणी. पोट साफ झालं की भूक आपोआप जागेवर येते.

संक्रांत

खरं तर आपल्या सणांत मुलांच्या तब्येतीला सगळ्यात मानवणारा सण हाच. भोगीच्या भाजीत वाल पापडी, मटार, गाजर, वांगं, हरभरा सगळं एकदम, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. पोरं भाजी खात नसतील तर भाजीतलं काय काय ओळखता येतं याची पैज लावा. तिळात कॅल्शियम खूप असतं, न सोललेल्या शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या आसपास, त्यामुळे सुपारीएवढा तिळगुळाचा लाडू रोज दुपारी एक दिला तर माझी काहीच हरकत नसते. गूळपोळी एक, तुपाशी.

बोरन्हाणाला मात्र सांभाळा. वर्ष-दीड वर्षाच्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे, हलवा, हल्ली चॉकलेटच्या गोळ्याही ओततात आणि खाली बसलेलं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू घशात अडकण्याच्या मापाची आहे. बाळाच्या अंगावर चुरमुरे आणि लाह्या ओता. बोरं, ऊस मोठ्या पोरांच्या ओंजळीत द्या. एक मोठं माणूस फक्त बाळाच्या तोंडाकडे बघायला बसवा, फोटो काढायला दुसरं.

ज्या मुलाला आधीच मधुमेह आहे त्याला पंगतीतून उठवू नका. त्याच्या डॉक्टरांना सणाच्या आठवडाभर आधी विचारून ठेवा, कुठला पदार्थ किती आणि इन्सुलिन किती ते ते नीट बसवून देतात. लहानपणी होणारा टाइप १ मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही, त्यामुळे त्या आईला कुणी टोमणे मारत असेल तर तेही थांबवा. उलट एरवी धडधाकट असलेलं मूल एकाएकी सारखं पाणी प्यायला लागलं, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला उठायला लागलं, वाळायला लागलं तर "दिवाळीत जास्त खाल्लं असेल" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्या सोमवारी डब्यात काय घालायचं हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, नाहीतर सकाळच्या घाईत हात शंकरपाळ्यांच्या डब्याकडेच जातो. मेथीचे पराठे, तांदळाची उकड, दहीभात, काहीही चालेल. माझ्याकडे येणाऱ्या डब्यांत मी त्या आठवड्यात लाडू बघितला तर तो काढून ठेवते आणि संध्याकाळी आईच्या हातात परत देते. दारावर तशी पाटी लावलेली आहे. बरेच जण वाचतात.